गल्ली कोण बंद करतंय

तुळशीची लग्नं उरकली आणि घणसोली गावातली तळ्याकडची गल्ली नकाशावर एकाएकी बंद झाली. श्यामसुंदररावांच्या मनात पाल चुकचुकली.

हा नकाशा काही कुठल्या कंपनीचा नव्हता. गावोगावचे हौशी लोक तो मिळून काढत. कुणीही यावं, आपल्या भागातला रस्ता काढावा, दवाखाना दाखवावा, झाडसुद्धा लावावं. आणि कुणीही येऊन दुसऱ्याचं पुसावं. म्हणून आलेली भर तपासून घ्यावी लागे, आणि तपासणारेही हौशीच असत. त्यांना कुणी नेमत नसे. बेलापूरपासून ऐरोलीपर्यंतचा पट्टा श्यामसुंदररावांनी आणि नेरूळच्या प्राचीनं आपसांत वाटून घेतला होता, एवढंच.

श्यामसुंदरराव कॉलेजात ग्रंथपाल होते, आता निवृत्त. परत आलेलं पुस्तक हातात घेतलं की अंगठ्यानं पानं फरफर सोडायची आणि कुठं अडखळतं का ते बघायचं, ही त्यांची सवय. पानं फाडणारा माणूस चेहऱ्यावरून कधीच ओळखू येत नाही, हे ते नोकरीत शिकले आणि त्यामुळे सगळ्यांवरच संशय घ्यायला लागले. पण सर्वांत जास्त संशय त्यांना स्वतःवर. आपणच चुकत असू, हा विचार आधी यायचा. मग तो विचार चूक आहे, असं वाटायचं. जुईनगरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये खिडकीपाशी कॉम्प्युटर होता. तिथं रोज दुपारच्या चहानंतर हे असं चालायचं.

गल्ली बंद करणाऱ्याचं टोपणनाव होतं ‘एकवीरा दोन’. कारणाच्या रकान्यात दोनच शब्द: ‘बंद हाय.’

श्यामसुंदररावांना ते उर्मट वाटलं. तरी त्यांनी सभ्यपणे लिहिलं, ‘नमस्कार. आपण ही गल्ली वाहनांसाठी बंद दाखवली आहे. त्यामागचं कारण कृपया कळवाल का?’ पाठवण्यापूर्वी तीनतीनदा वाचलं. ‘कृपया’ काढलं, परत घातलं. उत्तर आलं नाही. उपग्रहाच्या चित्रात गल्ली स्वच्छ दिसत होती, इकडून तिकडे मोकळी. त्यांनी ती उघडली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बंद. त्यांनी उघडली. चार दिवस असंच. मग ती ‘एकवीरा दोन’नं स्वतःच उघडून टाकली, आणि देवळाकडची बंद केली. ‘बंद हाय.’ त्यांनी ती उघडली. मग पुन्हा तळ्याकडची.

असं मार्गशीर्षापर्यंत चाललं. तो बंद करायचा दुपारी, हे उघडायचे चहानंतर.

“पाणी कुठंतरी मुरतंय,” ते बायकोला म्हणाले.

चारुलताबाई वाल सोलत होत्या. “कुठं? बाथरूममध्ये?”

“घणसोलीत. तळ्यामागं टॉवर उठतायत बघ. कुणीतरी पद्धतशीर गावातल्या गल्ल्या नकाशावरून घालवतोय. आज एक, उद्या दुसरी. म्हणजे लोकांना सवय होते. मग एक दिवस म्हणायचं, इथं रस्ता नव्हताच.”

“बिल्डरला रस्ता बंद करायचा तर तो भिंत घालेल. तुमच्या कॉम्प्युटरवर रेघा कशाला पुसत बसेल?”

“भिंतीच्या आधी कागद करतात माणसं.”

“मग जाऊन बघून या. दुसऱ्या देशात आहे का घणसोली?”

पंचवीस वर्षं नवी मुंबईत काढली, पण जुन्या गावांच्या आत श्यामसुंदरराव कधी गेले नव्हते. सांगलीकडून आले ते सरळ सेक्टरमधल्या फ्लॅटमध्ये. गावं बसच्या खिडकीतून दिसायची. अनोळखी गल्लीत शिरून कुणाला काय विचारायचं, या कल्पनेनंच त्यांच्या तळव्यांना घाम सुटला.

त्यांनी प्राचीला फोन लावला. प्राची ऐरोलीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि जेवणाच्या सुट्टीत नकाशा तपासायची.

“काका, एवढा पेशन्स कशाला? किती वेळा विचारलंत त्याला?”

“पुष्कळदा. उत्तर देत नाही.”

“मग डायरेक्ट ब्लॉक टाका ना. मी सेकंड करते. नियम आहे, विचारून उत्तर नाही आलं आणि तोच उद्योग चालू राहिला, की खातं थांबवायचं.”

“पण तो खरंच…”

“काका, जेन्युइन माणूस रिप्लाय करतो. चोर गप्प बसतो.”

हे वाक्य श्यामसुंदररावांना पटलं. ते स्वतः सोसायटीच्या एकाही मेसेजला कधी उत्तर देत नाहीत, हे त्या घडीला त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांनी तक्रार लिहिली. त्या दुपारी ‘एकवीरा दोन’नं देवळाकडची गल्ली परत बंद केली होती, तीही उघडली. सकाळी निरोप आला: ‘एकवीरा दोन’चं खातं तात्पुरतं बंद.

क्षणभर त्यांना बरं वाटलं. पोहे खाताना जरा ताठ बसले. मग त्यांनी चमचा खाली ठेवला. आपण एका माणसाचं तोंड बंद केलं, आणि आपल्याकडे पुरावा काय? एक उपग्रहाचं चित्र. तेही कधीचं, कुणास ठाऊक. निदान एक फोटो हवा. उघड्या गल्लीचा एक फोटो काढला की मन शांत होईल.

“येतो जरा,” ते म्हणाले. कुठं, ते सांगितलं नाही.

बस तुर्भ्याला ट्रकांच्या रांगेत रखडली तेव्हा उतरून परत जावं, असं त्यांना दोनदा वाटलं. पण शेजारी बसलेल्या बाईंना ‘जरा सरका’ म्हणायचा धीर झाला नाही. अशा रीतीनं ते घणसोलीला पोचले.

टॉवरच्या सावलीतून आत वळलं की गाव एकदम अंगावर येतं. घराला घर चिकटलेलं, वर दुसरा मजला, त्यावर तिसरा, गच्चीवर पाण्याच्या टाक्या. तळ्याकडची गल्ली त्यांना लगेच सापडली, कारण ती त्यांना पाठ होती. आणि ती उघडी होती. चांगली उघडी. त्यांच्या डोळ्यांदेखत एक स्कूटर गेली, मागून गॅसच्या टाक्यांची तीनचाकी गेली. जमिनीवर हळदीसारखे पिवळे डाग होते आणि विजेच्या खांबाला कसल्याशा झालरीची चिंधी लोंबत होती, पण त्यांचं तिकडं लक्ष गेलं नाही. ‘खोटं पकडलं,’ ते मनात म्हणाले, आणि फोन समोर धरून फोटो काढला. मग थोडं पुढं जाऊन दुसरा. तिसरा वळणावरून.

“काय शोधताव?”

प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक धिप्पाड माणूस बसला होता. पांढरा बनियन, गळ्यात सोन्याची साखळी. तो खुर्चीतून उठला नाही, पण गल्ली त्याला आपोआप जागा करून देत होती.

“काही नाही,” श्यामसुंदरराव म्हणाले.

“काय नाय म्हंजे? फोटो काडताव ना मगापासून. या घराचा काडला, त्या घराचा काडला. कुटून आलाव? सर्वेला?”

“नाही, नाही.”

“नाय कसा? मागल्या टायमाला बी असाच एक आला. चश्मा, पिशवी. बोलला, काय नाय, असाच. आनि मंग नोटिशी आल्या. वाढीव बांधकाम.” त्यानं आत हाक मारली, “अगो, बघ, साहेब आलेत मोजायला!”

दोन दारांतून दोन बायका डोकावल्या. वरच्या गॅलरीत एक उभी राहिली. श्यामसुंदररावांचे कान तापले. त्यांनी फोन खिशात घातला. आणि मग, आयुष्यात कधी न केलेली गोष्ट त्यांनी केली. धडधडीत खोटं बोलले.

“मी खोली बघतोय. भाड्यानं.”

माणसाचा चेहरा असा बदलला, जणू कुणी दिवा लावला.

“मंग आदी बोलाचा ना! कोनासाटी? तुमालाच? फॅमिली?”

“दोघंच. मी आणि बायको.”

“बेस! म्हातारी मानसा बरी. बॅचलर नको आपल्याला, रात्रभर बोंबलत बसतात. मी धर्मराज. चला, माझ्या वैनीच्या वरती एक रूम खाली हाय. हवा अशी येते, पंखा लावाला नको.”

धर्मराजनं त्यांचा दंड धरला आणि ते चालू लागले. ही खोली पसंत नाही असं कसं सांगायचं, याचा विचार ते जिन्याच्या पायथ्यापर्यंत करत होते.

तळमजल्याच्या दारात, भिंतीला टेकून एक वयस्क बाई बसल्या होत्या. साडी नीट नेसलेली, केस विंचरलेले, मांडीवर पिशवी. कुठंतरी निघण्याच्या तयारीत. पावलं सुजून चपलेत मावत नव्हती. डाव्या हाताची शीर दोरासारखी वर आलेली, तिच्यावर पट्टी.

“ही पुतळावैनी,” धर्मराज म्हणाला. “वैनी, भाडोत्री आनलाय. मास्तर वाटतंय.”

“या,” पुतळाबाई म्हणाल्या. “पानी नाय विचारत हा, राग नको. मलाच पानी मोजून हाय, तं दुसऱ्याला द्याचा बी इसरते.”

आतून एक तरुण बाई फोनवर तावातावानं बोलत होती. “अरे भाऊ, मी तुमाला काय बोलली? देवळाकडून येऊ नका! मॅप दाखवतंय मना पन माहीत हाय. मॅपला घाला खड्ड्यात. मागं घ्या ना. काय? मागं टेम्पो? कसला टेम्पो?”

“उन्नती, हिची पोरगी,” धर्मराज जिना चढता चढता म्हणाला. “तिचं आज टेन्शन हाय. तुमी रूम बघा.”

खोली छोटी होती, रंग ताजा. धर्मराजनं खिडकी उघडली. “ही बघा हवा.”

खिडकीखाली देवळाकडची गल्ली होती. म्हणजे नकाशाप्रमाणे होती. प्रत्यक्षात तिथं गल्लीच नव्हती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाल-पिवळा मांडव पडला होता. एका टोकाला स्टेज, दोन बाजूंना माणसाहून उंच स्पीकर. बायका पाटावर बसून लसूण सोलत होत्या. आणि मांडवाच्या तोंडाशी एक रिक्षा घुसून अडकली होती. तिच्या पाठीला जनरेटरचा टेम्पो चिकटलेला. रिक्षावाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता.

“हे काय आहे?” श्यामसुंदररावांनी विचारलं.

“हलद,” धर्मराज अभिमानानं म्हणाला. “आज यांची हाय. गेल्या आठवड्यात तल्याकडं आमच्या कुंदनची झाली. लगीनसराई हाय ना. गावान मैदान ऱ्हायलाय कुटं? ज्याची हलद, त्याची गल्ली. चार दिवस मांडव, मंग मोकली.”

चार दिवस मांडव, मग मोकळी. श्यामसुंदररावांनी खिडकीची चौकट धरली. आज ही, मग ती. पद्धतशीर.

खाली उन्नती दारात आली होती. “काका! तो रिक्षावाला अडकला. बोलतो कॅन्सल करतो. आता दुसरी बुक केली, तर ती पन तिकडनंच येनार!”

“तू बंद नाय केली मॅपात?” धर्मराजनं जिन्यातून ओरडून विचारलं.

“केली ना काल दुपारी! तो कोन येडा बसलाय कुटं काय माहीत, मी बंद केली का हा उघडतो. ॲपवाले रात्री नवा मॅप उचलतात, तवर उघडलेली असते. आनि आज सकाळी बघते तं माझं खातंच बंद करून टाकलं!” तिचा आवाज फाटला. “मागच्या खेपेला डायलिसिसला उशीर झाला तं आईचा तास कापला. मशीनला पुढचा पेशंट बसलेला असतो, तो काय थांबनार? आज पन कापला तं पानी छातीत चढंल तिच्या.”

खोलीत हवा खरंच चांगली येत होती. श्यामसुंदररावांच्या कपाळावर तरीही घाम आला. गप्प राहिलं असतं तर कुणालाही कळलं नसतं. खोली लहान आहे म्हणायचं, नमस्कार करायचा, बस पकडायची. त्यांचा धर्म तोच होता, आजवर तेच करत आले होते. ते जिना उतरले. नमस्कारासाठी हात जोडलेही. पण पुतळाबाईंची ती सुजलेली पावलं समोर आली आणि तोंडातून भलतंच निघालं.

“तळ्याकडची गल्ली उघडी आहे. मी तिथूनच आलो. फोटो आहेत माझ्याकडे.”

“फोटो?” धर्मराज थबकला. “रूम बघाला आलाव ना तुमी?”

“नाही.” श्यामसुंदररावांनी जोडलेले हात सोडले. “मी… तो नकाशा मी तपासतो. गल्ल्या मीच उघडत होतो.”

मांडवात कुणीतरी स्पीकर चालू केला, ‘हॅलो हॅलो, चेक’ म्हटलं आणि बंद केला.

“तुमी?” उन्नती म्हणाली. “तुमी हाव तो?”

“मी तुम्हाला विचारलं होतं. लिहून. बऱ्याचदा.”

“कुटं लिवलं?”

“तिथं, नकाशात. त्याचा ई-मेल येतो.”

“आजोबा, ई-मेल कोन बघतं? ते खातं माझ्या भाच्यानं काडून दिलं. मना फक्त बंद नि चालू येतं!” ती दोन पावलं पुढं आली. “एवडा डाऊट होता तं एकदा येऊन बघाचा ना. की कोनीतरी पैसा दिला तुमाला?”

“मी बोललेलो,” धर्मराज बायकांकडे बघत म्हणाला. “तोंडावरूनच मी वलखला. हा रूमवाला नाय. याला कोनी पाटवला विचार. टॉवरवाल्यांचा हाय का हा?”

“मला वाटलं तुम्हीच टॉवरवाल्यांच्या…” श्यामसुंदररावांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं. ते पुरं करण्यासारखं नव्हतं.

“भांडा मंग,” पुतळाबाई भिंतीला धरून उठू लागल्या. “दिवसभर भांडा. पन पयली रिक्षा आना कोनीतरी. मेल्यावर काय मना मांडवातनं नेनार?”

श्यामसुंदररावांना फोनवर गल्ली बंद करता आली असती, पण त्याचा आता उपयोग नव्हता. ॲपला ते उद्या कळणार. ते वळले आणि तळ्याकडच्या गल्लीतून निघाले. चालले म्हणण्यापेक्षा धावले म्हणणं बरोबर. चप्पल एका ठिकाणी पायातून सुटली, ती हातात घेतली. मोठ्या रस्त्याला येऊन त्यांनी हात वर केला. त्यांचा हात वर करण्याचा प्रकार असा, की बघणाऱ्याला वाटावं हे केस सारखे करतायत. दोन रिक्षा गेल्या. तिसरी आली तेव्हा ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि ओरडले, “थांब!” त्या आवाजानं ते स्वतःच दचकले.

“मरनार का चाचा?” रिक्षावाला म्हणाला.

“पेशंट आहे. आत चल. मी सांगतो तसं चल.”

“गाव में? नहीं नहीं, उधर फँसता है.”

“नाही फसणार. मला रस्ता पाठ आहे.”

ते पुढं, ड्रायव्हरच्या बाजूला अर्धे बाहेर लटकत बसले. डावीकडे, खांबापाशी जरा हळू, आता उजवीकडे. रिक्षा दारात उभी राहिली तेव्हा धर्मराजनं पुतळाबाईंना एका बाजूनं धरलं, उन्नतीनं दुसऱ्या. श्यामसुंदरराव पिशवी घेऊन उभे राहिले, तर उन्नतीनं ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

“तुमचा नंबर द्या.”

पोलिसात देणार, त्यांना वाटलं. त्यांनी नंबर सांगितला, मग खात्री नाही म्हणून पुन्हा सांगितला.

“आता काय पन उघडाचं असंल तं पयला फोन करा. लिवू नका. फोन.” रिक्षा सुटली.

धर्मराज त्यांना मोठ्या रस्त्यापर्यंत सोडायला आला. माया म्हणून नव्हे. ते खरंच जातात का, ते बघायला. बस येईपर्यंत तो शेजारी उभा राहिला.

संध्याकाळी श्यामसुंदररावांनी प्राचीला सगळं सांगितलं.

“अय्यो. म्हणजे मांडव? पण काका, चार दिवसांच्या गोष्टी नकाशात घालत नाहीत. नियम आहे ना?”

“अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत बंद, असं घालता येतं. मी वाचून काढलंय. तुम्ही त्यांचं खातं आधी उघडायला सांगा.”

“आणि उद्या कुणी खोटंच घातलं तर?”

त्यांनी फोन ठेवला. उन्नतीचा दोन ओळींचा मेसेज आला होता: ‘अर्धा तास कापला. बाकी ठीक.’ त्या अर्ध्या तासाकडे ते बराच वेळ बघत बसले. धन्यवाद लिहावं, क्षमा लिहावी, की काहीच लिहू नये, हे ठरेना.

पौषात लग्नं थांबली, नकाशा शांत झाला. माघ उजाडला तशी उन्नतीनं देवळाकडची गल्ली तारखा घालून बंद केली. ‘हळद हाय’ असं कारणही लिहिलं. श्यामसुंदररावांनी तिला हात लावला नाही. पण दुसऱ्या दिवशी चहा घेताना त्यांना दिसलं की तळ्याकडचीही गल्ली बंद झालीय. नाव नवीन, खातं आजच काढलेलं. कारण काहीच नाही. दोन्ही गल्ल्या बंद, म्हणजे नकाशाप्रमाणे पुतळाबाईंच्या दाराशी जायला रस्ताच नाही. आणि उद्या त्यांचा मशीनचा दिवस.

बोट बटणावर गेलं होतं. त्यांनी ते उचललं, फोन घेतला, ठेवला, पुन्हा घेतला.

“हां, बोला,” उन्नती म्हणाली.

“तळ्याकडची गल्ली तुम्ही बंद केलीत?”

“मी? नाय. तिकडं कोनाची हलद नाय आता.” ती थांबली. “कोनी केली? नाव काय?”

“नाव ओळखीचं नाही. मला जरा…” ‘संशय येतोय’ हे शब्द त्यांनी परतवले.

“थांबा. बघून येते. ठेवू नका.”

फोनमधून गल्ली ऐकू येऊ लागली. चपला, कोंबडी, कुणाचा तरी मिक्सर, एक स्कूटर. चारुलताबाईंनी खुणेनंच विचारलं, कोण? त्यांनी हातानं थांबवलं. मग तिचे श्वास जवळ आले.

“खरं हाय. गटारासाटी खनलंय, आरपार. मानूस बी जायाची बोंब, एक फळी टाकलीय फक्त. नकाशात कोनी टाकलं ते मना नाय माहीत.”

“मग बंदच राहू दे.”

“राहू दे, पन उद्या आईला कसं नेऊ मी? एक तं मांडव, एक खड्डा. धर्मराजकाका पन नाय, लग्नाला गेलाय.”

श्यामसुंदररावांनी खिडकीबाहेर बघितलं. याला नकाशात काही उपाय नव्हता.

“मी येतो,” ते म्हणाले. “रिक्षा रस्त्यावर धरून ठेवतो. मग त्यांना खुर्चीत बसवून मांडवातून नेऊ. दोघं पुरतील.”

“तुमी कशाला येताव पन?” तिनं विचारलं. आवाजात धर्मराजचा संशय होता.

खरंच कशाला, याचा त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला.

“जुईनगरहून पहिली बस पकडतो,” ते म्हणाले.

“आईला विचारते,” उन्नती म्हणाली. “मंग सांगते तुमाला, या का नको ते.” आणि तिनं फोन ठेवला.